दहा सेकंदांची शांतता

कागद पांढराच राहिला.

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत जेवणाची सुट्टी झाली होती. बाकीचे डबे घेऊन खाली गेले होते आणि ती एकटीच धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटासमोर उभी होती. आत दोन शंकूसारखी भांडी होती. पहिल्यात उंदराच्या औषधाची चिमूट होती. घरच्या फळीवर जी पुडी असायची, अगदी तशीच तिने सकाळी येताना दुकानातून घेतली होती. त्यावर आम्लाचे थेंब टाकून तोंडावर चांदीच्या क्षारात भिजवलेला कागद ठेवला, तर मिनिटाच्या आत कागद काळाकुट्ट. म्हणजे कागद चांगला होता. दुसऱ्या भांड्यात सासऱ्यांच्या शेडमधून उचललेली एक गोळी होती, नीट कुस्करलेली. तिच्यावरचा कागद पाच मिनिटांनी पांढरा, दहा मिनिटांनी पांढरा, आणि पंधरा मिनिटांनी तिने घड्याळाकडे बघणं सोडून दिलं तेव्हाही पांढराच.

तिचा जीव भांड्यात पडला. ती स्टुलावर बसली आणि आपल्याला भूक लागली आहे हे तिला दोन दिवसांत पहिल्यांदा कळलं.

सगळं सुरू झालं होतं रविवारी, फाटकापाशी. शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई राहायच्या. त्यांचे दोन कुत्रे. थोराड तपकिरी होता त्याचं नाव सासऱ्यांनी रखवालदार ठेवलं होतं आणि उंचीने त्याच्या निम्मा पण आवाजाने दुप्पट होता त्याचं भोंगा. बाई सकाळी नऊला दवाखान्यात जात आणि संध्याकाळी सहाला परत येत. मधल्या वेळात रस्त्याचा कारभार कुत्र्यांकडे असे. सायकलवाला, पोस्टमन, कोपऱ्यावरच्या शाळेची मुलं, कुणाचीही सुटका नव्हती. वाऱ्याने उडालेलं पानसुद्धा चौकशी झाल्याशिवाय पुढे सरकत नसे.

घरी दिवसभर हे ऐकायला सासरे एकटेच. अडतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. रविवारी सकाळी ते फाटकापाशी गेले.

"बाई, जरा आवरा हो तुमच्या पोरांना."

"काका, जनावरं आहेत ती. भुंकणारच."

"दिवसभर?"

"तुम्ही दिवसभर घरी असता ना, म्हणून तुम्हाला दिवसभर ऐकू येतं."

बाई सहज बोलून गेल्या, पण सासऱ्यांच्या ते वर्मी लागलं. ते लाल झाले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आठ दिवसांत यांचा कायमचा बंदोबस्त करतो की नाही बघा!"

त्याच दुपारी ते शेडमध्ये शिरले. मोटारीच्या काचपुशीची जुनी मोटर, खेळण्यातल्या गाडीचा रिमोट, पन्हळीचे दोन तुकडे, असं एकेक आत गेलं. मंगळवारी तिने चहा नेऊन दिला तेव्हा फळीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर बोराएवढ्या वीस गोळ्या ओळीने सुकत होत्या.

"बाबा, काय करताय?"

"यंत्र. रिमोटवर चालणारं. कुत्र्यांसाठी."

"म्हणजे नेमकं काय?"

"झालं की सांगीन."

अर्ध्या कामाबद्दल ते कधीच बोलत नसत. अर्धी दुरुस्त लिफ्ट दाखवली की लोक लगेच आत शिरतात, असं त्यांचं म्हणणं. एरवी तिने हसून सोडून दिलं असतं. पण कप ठेवताना तिची नजर वरच्या फळीवर गेली. तिथली उंदराच्या औषधाची पुडी नव्हती.

रात्री तिने नवऱ्याच्या कानावर घातलं. तो हसला.

"अगं, बाबा मुंगीसुद्धा मारणार नाहीत."

"मुंगी भुंकत नाही."

"विचार ना मग त्यांनाच."

"काय विचारू? बाबा, विष घालताय का, असं?"

नवऱ्याने खांदे उडवले आणि तो झोपला. तिला झोप आली नाही. लग्नानंतर तिने प्रयोगशाळेची परीक्षा दिली, तेव्हा याच माणसाने सहा महिने घरात रेडिओ लावला नव्हता. बातम्या ऐकायला ते कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन बसत आणि कारण नसताना दर आठवड्याला दाढी करून घेत. हा माणूस दोन मुक्या जिवांना मारून दुसऱ्या दिवशी शांतपणे ताटावर बसू शकतो, असं निघालं तर? मग त्यांना वाढायचं कसं, त्यांच्याकडे बघायचं कसं? कुत्र्यांची तिला काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त काळजी तिला या माणसाची होती. तो आपल्याला वाटला तसाच निघावा, एवढंच तिला हवं होतं.

पुराव्याशिवाय बोलायचं नाही ही तिची जन्माची खोड. बुधवारी सासरे आंघोळीला गेले तेव्हा तिने एक गोळी रुमालात बांधली. आणि गुरुवारी, म्हणजे आज, कागद पांढरा राहिला.

जेवायला अजून वेळ होता आणि गोळी थोडी उरली होती. सवयीने तिने त्यात आणखी काय आहे तेही पाहिलं. पीठ, शेंगदाणे आणि मीठ. मीठ बरंच होतं. शंभरात दोन भाग. तिने आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहिला, भांडी धुतली आणि डबा उघडला. गार भाजी तिला इतकी गोड लागली की तिने डब्याचा तळ पुसून खाल्ला.

साडेपाचला ती सुटली. वाटेत स्वतःशीच हसत होती. काय एकेक संशय डोक्यात येतात माणसाच्या! घरी गेल्यावर चहा करायचा आणि सरळ विचारायचं, बाबा, दाखवा तुमचं यंत्र.

गल्लीच्या वळणावर ती थबकली.

रोज इथपर्यंत पोचलं की भोंगा वाजायचा. आज काही नाही. शाळेतली दोन मुलं फाटकासमोरून पळत गेली. तरीही काही नाही. एक सायकल घंटी वाजवत गेली. आवाज फक्त घंटीचा.

एका बाटलीवरून कधी टाकीचा निकाल द्यायचा नाही, हे ती नव्याने लागलेल्या मुलींना दर वर्षी घसा कोरडा होईपर्यंत शिकवत असे. आणि स्वतः काय केलं होतं? विसांतली एक गोळी तपासली आणि पोटभर जेवली. उरलेल्या एकोणीस? विष शेवटी कालवलं असेल तर? आज सकाळी?

ती धावतच शेडमध्ये गेली. वर्तमानपत्र तिथेच होतं. त्यावर एकही गोळी नव्हती. सासरेही नव्हते.

तेवढ्यात शेजारच्या फाटकाशी गाडी थांबली. डॉक्टरीणबाई आज लवकर आल्या होत्या. त्या दार उघडून उतरल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"आज इतकं शांत कसं गं?" त्यांनी विचारलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि त्यांचा स्वतःचाही उतरला. "काय झालं? काकांनी काही..."

दोघी एकदमच फाटकातून आत शिरल्या आणि घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेल्या.

दोन्ही कुत्रे भिंतीला तोंड करून बसले होते. जिवंत. शेपट्या जमिनीवर झाडूसारख्या हलत होत्या आणि माना वर होत्या. शेवटच्या बाकावरचा मुलगा सुट्टीच्या घंटेकडे कान लावून बसतो, तसे ते बसले होते. भिंतीवरून दोन पन्हळी अलीकडे उतरल्या होत्या, एकेकासमोर एकेक. दोघांची नजर पन्हळीच्या तोंडावर खिळलेली. मालकीण आली आहे याची त्यांना शुद्धच नव्हती.

"अरे, मी आलेय!" बाई म्हणाल्या.

भोंग्याने मान वळवली आणि सवयीने एकदा भुंकला. रखवालदाराने त्याच्याकडे असं पाहिलं की तो ओशाळून पुन्हा भिंतीकडे वळला. काही क्षण गेले. मग भिंतीपलीकडे खट्ट झालं, काहीतरी घरंगळलं आणि दोन्ही पन्हळींतून एकेक गोळी खाली पडली. मिटक्या ऐकू आल्या. पुन्हा शांतता, पुन्हा माना वर.

भिंतीवर सासऱ्यांचं डोकं उगवलं. ते पलीकडे स्टुलावर उभे होते आणि त्यांच्या हातात खेळण्यातल्या गाडीचा रिमोट होता.

"या, या," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर नव्या लिफ्टच्या उद्घाटनाचं तेज होतं.

बाईंचा मात्र पारा चढला. "काका, काय खायला घालताय तुम्ही त्यांना?"

"पीठ आणि दाणे. घरी केलेत."

"आणि मी यावर विश्वास ठेवू? कायमचा बंदोबस्त करतो म्हणाला होतात. साऱ्या गल्लीने ऐकलंय!"

सासऱ्यांचं तेज एका क्षणात मावळलं. आपलं बोलणं लोकांनी असं घेतलं असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"विष नाहीये त्यात," ती पटकन म्हणाली. "खरंच पीठ आणि दाणेच आहेत. मी तपासलंय. आमच्या प्रयोगशाळेत."

बाईंनी मोठा श्वास सोडला आणि तशाच ओल्या जमिनीवर बसून रखवालदाराच्या गळ्यात हात टाकला. ही पाण्याचा रिपोर्ट देते म्हणजे तो बरोबरच असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

पण भिंतीवरून सासरे तिच्याकडे बघत होते. तिने काय तपासलं आणि का, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. तिने मान खाली घातली. बोललेलं खरं होतं, पण ते तोंडातून सुटल्यावर परत घेता येत नव्हतं.

बाईंना यातलं काही दिसलं नाही. त्या उठल्या, भिंतीपाशी आल्या. "बघू, द्या इकडे ते." त्यांनी रिमोट घेतला आणि बटण दाबलं. मालकिणीच्या हातात रिमोट बघून भोंग्याला भलताच आनंद झाला होता आणि तो भुंकत सुटला होता. यंत्र ढिम्म. बाईंनी पुन्हा दाबलं.

"बिघडलंय हे."

"बिघडलेलं नाही," सासरे म्हणाले. कामाचा विषय निघताच त्यांचा आवाज जागेवर आला. "तो भुंकतोय. यंत्राला कान आहे. दहा सेकंद शांतता झाल्याशिवाय बटण चालतच नाही, मग तुम्ही दाबा नाहीतर मी. लिफ्टचं कसं असतं? दार बंद झाल्याशिवाय हलत नाही. इथे तोंड बंद झाल्याशिवाय गोळी पडत नाही."

"पण तुम्ही बसलेलेच असता ना इथे? तुम्हीच बघून दाबायचं की."

"माणसावर सोडलं की घोटाळा. मला कधी राग येणार, कधी दया येणार. जनावराला नियम कसा कळायचा? आज सकाळी पहिल्यांदा लावलं तेव्हा तासाभरात फक्त चार गोळ्या पडल्या. मीच अधूनमधून खोकलो नसतो तर सहा पडल्या असत्या."

बाई हसल्या. "आठ वर्षं मी यांना ओरडून ओरडून गप्प करतेय."

"म्हणजे तिघं भुंकत होतात."

"काका!" पण त्या हसतच होत्या. मग जरा खाली बघून म्हणाल्या, "रविवारी मी तसं बोलायला नको होतं."

"मीही आधी विचारायला हवं होतं. तुमची जनावरं."

बटण पुढच्या वेळी चाललं. गोळ्या पडल्या. बाई टाळी वाजवणार होत्या, पण भोंग्याकडे बघून त्यांनी हात आवरला.

घरी आल्यावर ती शेडच्या दारात उभी राहिली. सासरे पक्कड पुसून खिळ्याला अडकवत होते.

"एक कमी भरली," ते पाठमोरेच म्हणाले. "मला वाटलं उंदराने नेली."

"मी नेली. पुडी दिसली नाही फळीवर, म्हणून."

"फेकली. ज्या फळीवर खाणं सुकतंय तिथे विष ठेवायचं? एवढं शिकलीस आणि..." त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. मग म्हणाले, "विचारायचंस."

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, झालं की सांगीन."

सासऱ्यांनी जरा विचार केला. "खरंय," ते म्हणाले. पक्कड अडकवून झाली होती, तरी ती त्यांनी पुन्हा काढली आणि पुन्हा पुसली. "आणि कागद काळा पडला असता तर?"

कागदाचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या परीक्षेच्या वेळी तिची मोठ्याने धडे पाठ करायची सवय होती, आणि ऐकणारे तेच होते.

"तर घरी यायला माझा पाय उचलला नसता, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. आता रडायला काहीच कारण उरलं नव्हतं आणि कदाचित म्हणूनच तिला रडता येत होतं.

सासऱ्यांनी तिला डोळे पुसू दिले. घाई केली नाही.

"मग तपासलंस ते बरं केलंस," ते शेवटी म्हणाले. "मी विसरूनच गेलो होतो की मी काय बोललो होतो. आणखी काय निघालं?"

"मीठ जास्त आहे. खारे दाणे घातलेत तुम्ही. कुत्र्यांना इतकं मीठ चालत नाही."

"खारेच मिळाले कोपऱ्यावर."

"मी येताना आणीन बिनमिठाचे."

"उद्याच आण. बाईंना दोन दिवस पुरतील एवढ्या करून द्यायच्यात. आणि प्रमाण लिहून दे मला. अंदाजाने केलं होतं मी."

त्यांनी पाटीवरचा खडू तिच्या हातात दिला, परात तिच्यापुढे सरकवली आणि पीठ आणायला आत गेले. ती पाटीसमोर उभी राहिली आणि लिहायला लागली. अक्षर जरा हलत होतं. पण ओळी सरळ होत्या.