मुंग्याचं लाल शिंग

नव्याण्णव साली आभाळाचं काय बिनसलं ते देव जाणे, पण तेव्हापासून देवरीकडच्या रानात लख्ख उन्हात वीज पडू लागली. ना ढग, ना गडगडाट. आधी कळायचं फक्त शिंगांना. जित्या बैलाची असोत की मेलेल्याची, ती घुमू लागत. मग माणसं शेणानं सारवलेल्या छपराखाली पळत. तिथं ती वीज शिरत नसे. म्हणून शाळेवरही एक शिंग टांगलेलं होतं.

पोळ्याला शिंगांना गेरू लावायची रीत. गेरूतून शिंग घुमतं. पण यंदा धनलालला हौस आली! गोंदियाहून ऑइलपेंट आणून त्यानं गावातल्या साऱ्या बैलांची शिंगं लाल चकचकीत केली, शाळेवरचंही सोडलं नाही. मोठा आला पेंटर!

दुसऱ्या दिवशी त्याची बायको कुंता मुंग्या बैलाला पाणी दाखवत होती. तो तोंड लावेना. तिनं शिंगाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. शिंग तापून थरथरत होतं, पण आवाज नव्हता.

लेक भूमेश्वरी दूर बोडीच्या तळ्यापलीकडं गवत कापायला गेली होती. कुंतानं विळा उचलला आणि ती शिंगावरचा रंग खरडू लागली.

"कायले रंग खरडून राहिली वं? पोळ्याचा हाय तो!" धनलाल खेकसला.

"तुमच्या रंगानं शिंग मुकं झालं! पोरगी वावरात हाय ना!"

एक शिंग मोकळं झालं आणि असं घुमलं, की गल्ली क्षणात रिकामी झाली. पण बोडीपलीकडं आवाज कुठला जायला! कुंतानं दावं सोडलं आणि मुंग्याला घेऊन धूम ठोकली.

"भूमे, झोपडीत पय!"

शिंग ऐकताच भूमेश्वरीनं भारा टाकला. दोघी मायलेकी पीक राखायच्या, शेणानं सारवलेल्या जागलीच्या झोपडीत शिरल्या. मुंग्याही मागोमाग आला. दार माणसापुरतं होतं. तो बाहेरच उभा राहिला, त्यांच्याकडं बघत.

"जा रे बाबा, जा कुठं तरी!" कुंता रडत ओरडली. पांढरा उजेड पडला.

धनलाल धापा टाकत पोचला. लेकीला त्यानं छातीशी धरलं, सोडेचना. मुंग्या आडवा पडला होता. खरडलेलं शिंग जळून काळं, दुसरं लाल चकचकीत. धनलाल त्याच्यापाशी बसला आणि नखांनी रंग काढू लागला. नखांतून रक्त आलं तरी थांबला नाही.

"हे शाळेवर लावतो," रंग निघालेल्या शिंगावर हात ठेवून तो म्हणाला. "असंच, बिनरंगाचं."