एका वेळेपुरते पीठ

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी काठवट पाहिली आहे, मला ठाऊक नाही. भाकरीचे पीठ मळायची आणि भाकरी थापायची पसरट लाकडी परात म्हणजे काठवट. मी तशीच एक जुनी काठवट आहे. हल्याळकडच्या एका सुताराने मला शिवणीच्या झाडाच्या एकाच ओंडक्यातून कोरले. गोदावरीच्या लग्नात माहेरच्यांनी मला रुखवतात मांडले आणि मी तिच्याबरोबर हुबळीला, देशपांडे नगरातल्या घरी आले.

गोदावरीचे हात मला पाठ होते. आधणाचे पाणी उकळले की ती ते पिठात ओतायची, जरा थांबायची, मग तळहाताने रगडून मळायची. पाहुणे म्हणायचे, "स्टीलच्या परातीत अशी भाकरी होत नाही." मला बरे वाटायचे.

तिचे पती यशवंतराव बाजारात शेंगदाण्याचे घाऊक व्यापारी. त्यांना तिची एक गोष्ट कधी पटली नाही. ती लहानसा डबा घेऊन गिरणीत जायची आणि दोन दिवसांनी पुन्हा जायची.

"घाऊक व्यापाऱ्याची बायको आणि दळण चिमणीच्या चोचीएवढं!" ते हसायचे.

"तुमचं दुकान तुम्ही बघा, माझा डबा मी बघते," ती म्हणायची.

मग गोदावरी आजारी पडली आणि गेली. मला कुणीतरी धुऊन दाराआड उभे केले. तिथे मी वाळले, काठाला चीर गेली. घरात खानावळीचा डबा येऊ लागला. यशवंतराव अर्धा खायचे, उरलेला गाईला घालायचे.

लेक सोनाली पुण्याहून आली. तिने तो डबा पाहिला, वडिलांचा सैल झालेला सदरा पाहिला.

"अप्पा, घर बंद करा. माझ्याकडे चला."

"मी हुबळी सोडणार नाही."

"मग खाणार काय? साधी भाकरी येत नाही तुम्हाला."

"शिकतो की."

"तुम्ही?" ती हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "बरं. मार्गशीर्षातल्या येळ्ळ अमावस्येला येते. त्या दिवशी माझ्या ताटात तुमच्या हातची भाकरी दिसली तर राहा इथंच. नाहीतर मी आणलेल्या बॅगेत कपडे भरायचे. कबूल?"

"कबूल."

साठी ओलांडलेला, कधी चहाही न केलेला माणूस हे कशाच्या जोरावर करणार, याचे मला दाराआड मोठे कुतूहल वाटले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बाहेर काढले. तेलाचा हात फिरवला, चिरेवर पत्र्याची पट्टी ठोकून घेतली. सोनालीने त्यांना फोनवर कुणा गृहस्थाचे व्हिडिओ पाठवले होते. तो ओरडून सांगायचा, मनात आग पेटवा! यशवंतराव पेटले. नवा तवा आला. पुन्हा पुन्हा गिरणीची कटकट नको म्हणून ज्वारीचे अख्खे पोते एकदम दळून आणले.

सुरुवातीच्या भाकऱ्या जाड झाल्या, पण अखंड झाल्या. मग एक नवल घडले. सराव वाढला तशी भाकरी बिघडू लागली. कडा फाटायच्या, उचलताना तुकडे पडायचे. शेजारची सरूअक्का खिडकीतून डोकावली.

"काय करालाय अण्णा? भाकरी की कौलं?"

"अक्का, हसू नका."

"हसत नाही रीऽ. आमच्या छपराचं एक फुटलंय, तेवढं द्या."

ते पुन्हा व्हिडिओ लावायचे. आग काही पेटायची नाही. "माझ्यात जिद्दच नाही," असे पुटपुटत एके सकाळी त्यांनी मला पुन्हा दाराकडे सरकवले.

मित्रांनो, मला कोडे पडले. त्यांचे हात सुधारत होते, हे मला कळत होते. मग पीठ असे का वागते? असे पीठ मला जन्मात भेटले नव्हते.

एका दुपारी यशवंतराव दुकानातून लवकर आले ते थेट पिठाच्या डब्याकडे. चिमूट घेतली, हुंगली, जिभेवर ठेवली आणि हाक मारली.

"अक्का, आज एक गिऱ्हाईक भांडायला आलं. शेंगदाण्याचा कूट कडू लागतोय म्हणे. मी म्हटलं, बाबा, अख्खे दाणे टिकतात, कूट करून ठेवलास तर बिघडणारच. बोललो आणि माझंच मला ऐकू आलं. हे पीठ शिळं आहे. चिकटपणा गेलाय त्याचा."

सरूअक्काने आत येऊन डबा पाहिला. "अय्यो! एवढं दळलं होय एकदम? मग गोदाक्का दर दोन दिवसांनी गिरणीत काय फिरायला जात होती?"

ते स्टुलावर बसले. "मला कधी बोलली नाही ती."

"तुम्ही कधी विचारलं?"

ते उठले. खुंटीवरचा तिचा लहान डबा उतरवला.

गिरणीवाल्या भरमाने डबा ओळखला म्हणे. "या अण्णा, चिमणीचं दळण आलं! गोदाक्का सांगायची, तुम्ही असंच म्हणता." हे सांगताना यशवंतराव हसले. ती गेल्यापासून मी ते हसू ऐकले नव्हते.

त्यानंतर घरात जास्तीचे पीठ कधी राहिले नाही. जायचे मन असो नसो, गिरणीत जावेच लागायचे. गिरणीत गेले की कुणी ना कुणी बोलायचे. मन लागत नसले तर ते नुसते आधण ठेवायचे. पाणी उकळले की पुढचे हात आपोआप करायचे. त्या गृहस्थाचे व्हिडिओ कधी बंद झाले, मला कळलेही नाही.

अमावस्येला सोनाली रिकामी बॅग घेऊन आली. ताटात भाकरी पडली. एका बाजूने करपलेली, अर्धीच फुगलेली, पण न फाटलेली. तिने ती उलटून पाहिली.

"आईसारखी नाही झाली."

"नाही. माझ्यासारखी झाली."

ती खाली मान घालून खात राहिली. मग ताट पुढे केले. "अजून एक वाढा."

"पीठ संपलं," यशवंतराव म्हणाले. "उद्याचं उद्या दळायचं."

सोनालीने हात धुतले, बॅग माळ्यावर टाकली आणि लहान डबा काढून त्यात ज्वारी ओतू लागली. "सकाळी मीपण येते गिरणीत."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी काठवट असेल तर तिला दाराआड उभी करू नका. वापरा, पुसून ठेवा, अधूनमधून तेल लावा. न वापरलेल्या लाकडाला चीर जाते. आणि तुम्हाला काही शिकायचे असेल, करून दाखवायचे असेल, तर हुरूप वर्षभराचा एकदम दळून ठेवू नका. आजच्या वेळेपुरता दळा. उद्या डबा घेऊन पुन्हा निघा.