दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा

मला तोंड नाही, तरी आज बोलल्याशिवाय राहवत नाही. मी अपघात विभागातलं सोनोग्राफीचं मशीन. चार चाकं, एक पडदा, आणि लांब वायरीच्या टोकाला माणसाच्या पोटावर फिरणारा प्रोब. कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा वाटलं होतं, गरोदर बायकांच्या खोलीत जाईन, बाळांचे ठोके दाखवीन, लोक माझ्याकडे बघून हसतील. नशिबी आली ही खोली. इथे मला बघून कोणी हसत नाही.

इथे येणाऱ्यांच्या अंगावर कधीकधी साधा ओरखडाही नसतो. मुका मार फार लबाड. गाडीचं स्टिअरिंग पोटात घुसतं, शिडीवरून माणूस आपटतो, उठून कपडे झटकतो. आत मात्र यकृत नाहीतर डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटलेली असते आणि रक्त गुपचूप साठत जातं. साठलेलं रक्त माझ्या पडद्यावर काळं दिसतं. अजून साठलंच नसेल तर मी तरी काय दाखवणार? पण पडदा स्वच्छ दिसला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि चपलांची शोधाशोध सुरू होते. याचीच मला धास्ती वाटते.

आज एक रंगारी आला. शिडीवरून घसरून खालच्या रंगाच्या डब्यावर डाव्या कुशीवर पडला होता. बरोबर त्याची लेक. गडी स्वतःच्या पायांनी चालत आला आणि येताच म्हणाला, "रंग सांडला त्याचंच वाईट वाटतंय. मला काय धाड भरलीय?"

डॉक्टरीणबाईंनी गार जेल लावून माझा प्रोब फिरवला. उजव्या बरगड्यांखाली, डाव्या, मध्ये छातीच्या खाली, मग ओटीपोटावर. कुठेच काळं नव्हतं.

"आत्ता तरी काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण जाऊ नका. थोड्या वेळाने परत बघायचंय."

"परत काय बघायचं? चल गं," म्हणत तो उठून बसला. लेकीने लगेच पिशवी उचलली.

डॉक्टरीणबाई शेजारच्या खाटेकडे वळल्या, तसा तो लेकीला हळूच म्हणाला, "खांदा चोळ जरा. डावा. ठणकतोय."

मी हादरलो. डाव्या कुशीत आत रक्त सुटलं की कळ डाव्या खांद्यात उठते, हे इथे शिकाऊ डॉक्टरांना सांगताना मी कैकदा ऐकलंय. पण त्या दोघांना वाटलं, रंगाऱ्याचे खांदे दुखायचेच, त्यात डॉक्टरांना काय सांगायचं? लेक पिशवीतलं मलम काढून चोळत राहिली आणि मी ठोंब्यासारखा बघत राहिलो.

मलमाच्या वासाने डॉक्टरीणबाई मागे वळल्या. "काय लावताय?"

"काही नाही हो, नेहमीचंच. धंद्याचं दुखणं."

"ब्रश कुठल्या हाताने मारता?"

"उजव्या," तो म्हणाला, आणि त्याची नजर डाव्या खांद्याकडे गेली.

त्यांनी त्याला तसाच मागे टेकवला. प्रोब पुन्हा डाव्या कुशीत लागला. प्लीहेच्या कडेला काळी पट्टी आली होती, चांगली बोटभर रुंद. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. सर्जनना बोलवा, रक्त मागवा, एकच पळापळ झाली. खाट ढकलत नेताना तो लेकीला एवढंच म्हणाला, "आईला एवढ्यात सांगू नकोस."

आता इथे मी आणि ती. जेल अजून माझ्या प्रोबवर तसंच आहे.

"मघाशी तर काही नव्हतं," ती माझ्याकडे बघून म्हणते. पोरी, मघाशी खरंच नव्हतं. तुला कसं समजावू?

तुम्ही कधी माझ्यासमोर आडवे झालात तर एवढी कृपा करा. नेहमीचं वाटलं तरी दुखणं सांगा. थांबा म्हटलं तर थांबा. मला फक्त या घडीचं दिसतं, पुढच्या तासाचं नाही.

तिचा फोन वाजतो. आईचा आहे. ती डोळे पुसून उचलते.

"हो गं, बरे आहेत बाबा," ती म्हणते. "मशीनमध्ये काही दिसलं नाही."