किरायाचं रुखवत

इंदिराबाईंच्या दारातून भंगारवाला कधी खूश होऊन गेला नाही. रांझी मोहल्ल्यातले भंगारवाले तर त्यांना लांबून पाहिलं की हातगाडी वळवायचे. बाई विकायला काही आणायच्या नाहीत, उलट गाडीतलंच काहीबाही उचलून घासाघीस करायला लागायच्या. नवरा बळीराम फॅक्टरीतून रिटायर झालेला. तो म्हणायचा, "आता घरात मीच तेवढा जुना राहिलो. माझं काय बनवून राहिली, ते एकदा सांगून टाक."

लेकीचं, ऋचाचं लग्न अक्षतशी ठरलं आणि बाईंच्या अंगात वारंच शिरलं. रुखवत करायचं! मांडवात सगळ्यांनी वाकून वाकून पाहायचं आणि मग मुलीबरोबर सासरी जायचं, ते रुखवत. तेही नुसतं साखरेचे रथ आणि रंगवलेल्या सुपाऱ्या असलं नाही, पोरीच्या घरात रोज हाताशी येईल असं. बाई वर्षभर राबल्या. गोरखपुर मोहल्ल्यातल्या मोठ्या जाऊबाई, गीतांजलीताई, यांनी जुनी वॉशिंग मशिन फेकायला काढली होती. बाईंनी तिचा स्टीलचा ड्रम पळवला आणि त्याचा दिवा केला. आत बल्ब लावला की भिंतभर उजेडाचे ठिपके. बळीरामच्या खाकी ड्रेसांची गोधडी शिवली, तिला आपल्या साड्यांचे काठ लावले.

आणि बळीरामची ती जुनी स्कूटर! लहानपणी पुढे उभी राहून ऋचा तिच्यावरून शाळेत जायची ती घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत हॉर्न वाजवत. "अगं पोरी, बस कर, लोकं मारतील मले!" असं बळीराम ओरडायचा, आणि ती आणखी जोरात बटण दाबायची. आता ती स्कूटर अंगणात गंजत पडली होती. बाईंनी तिच्या सीटचं स्टूल केलं आणि पुढच्या लाइटचा टेबललॅम्प. लॅम्पच्या बुडाशी तोच जुना हॉर्न बसवला, बॅटरीवर वाजणारा. कशासाठी? तर पोरगी हसेल म्हणून. दुसरं काही कारण नाही.

पोरगी कुठली हसते! लग्नाच्या आदल्या आठवड्यात बाईंनी मोठ्या हौसेनं सगळं मांडून दाखवलं, तर ऋचा दारातच थबकली. कशाला हातही लावला नाही.

"आई, प्लीज. हे नको मांडू. अक्षतच्या घरी सगळं नवंकोरं आहे. त्याची आई कॉलेजात शिकवते. लोक म्हणतील, पोरीसोबत कबाड पाठवलं."

कबाड. म्हणजे भंगारच. दुसरं कुणी बोललं असतं, तर बाईंनी त्याचं तोंड धरलं असतं. पण लेक बोलली.

"बरं," त्या म्हणाल्या. "नाही मांडत. तू म्हटल्याशिवाय त्याचं नावही काढणार नाही. शब्द दिला."

"तू टेन्शन नको घेऊ, इंदिरा," तिथेच बसलेल्या गीतांजलीताई लगेच पुढे सरसावल्या. "रुखवताचं मी पाहते ना!"

आणि पाहिलं, खोटं कशाला बोला. अधारताल मोहल्ल्यातल्या एका हॉलमध्ये लग्नाच्या दिवशी रुखवत असं काही झगमगत होतं की बस! रुपेरी पालखी, लाइटिंगचं तुळशीवृंदावन, मोत्यांचे मोर. पोरी समोर उभ्या राहून फोटो काढत होत्या. बाईंनीही कौतुक केलं, आणि मग मागच्या बाजूला जाऊन पदरानं डोळे पुसले. तिथेच बळीराम स्टोअररूमला कुलूप लावताना सापडला. शेजाऱ्याच्या टेम्पोतून त्यानं बाईंचं सगळं सामान आणून आत ठेवलं होतं, चादरीखाली.

"काहून आणलं? मी शब्द दिला आहे तिला!"

"तू दिला, मी नाई. आपल्या पोरीचं लग्न आहे. ते बिचारं घरी एकटं काहून राहील?"

निरोपाची वेळ झाली. गळाभेटी सुरू झाल्या. विहीणबाई, म्हणजे अक्षतची आई विनताबाई, शिस्तीच्या. त्यांनी आपल्या भाच्यांना सांगितलं, "चला रे, सुनेचं रुखवत नीट गाडीत ठेवा." पोरांनी पालखी उचलली मात्र, कोपऱ्यात पेंगत बसलेला एक माणूस धावतच आला.

"ओ भैया! पालकी नीचे रखो! ये किराये का माल है, शाम को दूसरी शादी में लगाना है!"

गीतांजलीताईंना एकाएकी आपल्या पदराची पिन नीट करायची आठवण झाली. वऱ्हाडी निघून गेल्यावर माल गुपचूप परत पाठवायचा, असा त्यांचा हिशेब होता. विहीणबाई स्वतःच उचलायला लावतील, हे बापडीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"किरायाचं?" विनताबाई रागावल्या नव्हत्या, त्या पार गोंधळल्या होत्या. "अहो, पण रुखवत तर मुलीबरोबर येतं ना? आईच्या हातचं चार दिवस डोळ्यांसमोर राहावं म्हणून. मग आमच्या ऋचाचं रुखवत कुठे आहे?"

बाईंच्या ओठावर आलं होतं. स्टोअररूम मागेच, चार पावलांवर होती. पण शब्द दिलेला. बाईंनी दात घट्ट आवळले आणि लेकीकडे पाहिलं.

ऋचा लाल झाली होती. तिनं त्या पालखीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि शालूचा पदर कमरेला खोचला.

"आहे," ती म्हणाली. "माझ्या आईनं वर्षभर राबून केलंय. मीच मांडू दिलं नाही. मलाच लाज वाटली." ती बळीरामकडे वळली. "बाबा, घरून आणता येईल का?"

"घरून काहून?" बळीरामनं खिशातून किल्ली काढली. "इथंच आहे ना!"

नवरीनं स्वतः चादर ओढली. अक्षतनं ड्रमच्या दिव्याची पिन लावली, आणि त्या अंधाऱ्या खोलीत छतापासून फरशीपर्यंत उजेडाचे ठिपके सांडले. दारात ही गर्दी लोटली! विनताबाई पैठणीसकट स्कूटरच्या स्टुलावर बसल्या आणि गोधडी मांडीवर घेऊन म्हणाल्या, "ही खाकी कशाची हो?"

"ह्यांच्या ड्यूटीचे कपडे आहेत, विहीणबाई."

विनताबाईंनी त्या खाकीवरून हात फिरवला. "सुनेची आहे, मला माहीत आहे. पण थंडीत एखादा दिवस मी मागून घेईन हं."

"आणि तो ड्रम आमच्या मशिनचा बरं का!" मागून गीतांजलीताईंचा आवाज आला.

"हाव ताई, तुमचाच!" बाई इतक्या खळखळून हसल्या की गीतांजलीताईही हसल्या.

सामानानं गाडी अशी भरली की विहीणबाईंना दुसऱ्या गाडीत बसावं लागलं. ऋचा आईच्या गळ्यात पडून खूप रडली, मग पुढच्या सीटवर बसली. लॅम्प तिनं कुणाला दिला नाही, मांडीवरच घेतला. गाडी हलली. बाईंचा जीव गलबलला, गेली पोर.

गाडी फाटकाशी पोचली, आणि आतून आवाज आला, पॉंऽ! मग जरा थांबून, पॉं पॉं पॉंऽऽ! पोरीच्या बोटांना बटण सापडलं होतं. गाडी रस्त्याला लागली तरी हॉर्न थांबेना.

बळीराम फाटकापर्यंत धावला. डोळ्यांतून धारा, आणि तोंडानं ओरडतोय, "अगं पोरी, बस कर, लोकं मारतील मले!"

ती आणखी जोरात वाजवत गेली.