बरं दिसणं

‘बिसीम’ या जुन्या इंग्रजी क्रियापदापाशी ती सकाळपासून अडली होती. शब्दकोशाच्या कचेरीत उभं आयुष्य काढलेल्या बाईला एक शब्द अडवतो, याचं शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हसू आलं. ‘शोभणे’ लिही आणि मोकळी हो, म्हणाला. पण काही शतकांपूर्वी त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘दिसणे’ असा होता. मग ‘चांगलं दिसणे’ झाला, त्यातून ‘शोभणे’; आणि पुढे शब्दच वापरातून गेला. एवढा प्रवास दोन ओळींत कसा मांडायचा?

तेवढ्यात दादा दारात दिसला. तो कधीच कचेरीत येत नसे. तिला कोपऱ्यात नेऊन त्यानं हलक्या आवाजात सांगितलं, की बाबा रोज वाचनालयात जातो म्हणतात ते खोटं आहे. तो मित्राला बघायला इस्पितळात गेला होता. लिफ्टमध्ये स्टुलावर खाकी कपड्यांत बाबा बसले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला मजला विचारत. निवृत्त मुख्याध्यापक!

“बरं दिसतं का हे?” दादा म्हणाला. “तूच समजाव. तुझं ऐकतात.”

तिचा अडलेला अर्थ दादानं सहज बोलून टाकला होता. पण तिला तो टिपून घ्यायचंही सुचलं नाही. ती तशीच निघाली.

आई गेल्यापासून तिनं त्या इस्पितळात पाऊल ठेवलं नव्हतं. लिफ्टचं दार उघडलं. बाबांनी तिला पाहिलं, आणि सरकून जागा केली. वरच्या मजल्यावर बाकीचे उतरले. खाली येताना तिनं विचारलं, नोकरीच करायची होती तर इथंच का?

“तुझ्या आईला ऑपरेशनला वर न्यायचं होतं,” बाबा म्हणाले. “लिफ्टला कुलूप होतं. लिफ्टवाला जागेवर नव्हता. चावी शोधायला माणसं धावली.”

मुलांना त्यांनी वेगळंच सांगितलं होतं. आई ऑपरेशनच्या टेबलावर, झोपेतच गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही.

“म्हणजे आई...”

“खाली, या दारापाशी. हात माझ्या हातात होता. विचारत होती, आपण थांबलोय कशाला?”

समजावायला म्हणून जुळवून आणलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

तळमजला आला. बाहेर स्ट्रेचरवर एक म्हातारी होती, आणि तिची सून रडत होती.

“बाजूला हो, बाळ,” बाबा म्हणाले.

ती बाहेर आली, स्ट्रेचर आत गेलं. दार मिटलं. दारावरचे आकडे एकामागून एक बदलत गेले. मध्ये कुठेही न थांबता.