अंतरपटाची वरची कड

थोरलीच्या हाताला कच्चा टाका ठाऊकच नव्हता. निम्म्या वस्तीच्या खिडक्यांना तिनं शिवलेले पडदे होते आणि पोरं लोंबकळली तरी ते हूं की चूं करत नसत. म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "बाई, वरची कड नुसती टाचून ठेवा. शुक्रवारी, गुड फ्रायडेला, हा अंतरपट सगळ्यांसमोर फाडायचाय. माझी फजिती करू नका."

कापड उलगडता उलगडता त्यांनी अर्थही सांगितला. यहुद्यांच्या जुन्या मंदिरात देवाच्या परमपवित्रस्थानापुढे असा पडदा असे. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकटा मुख्य याजक रक्त घेऊन आत जाई. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. ख्रिस्तानं क्रुसावर स्वतःचं रक्त दिलं तेव्हा तो पडदा फाटला, आणि तोही वरून खाली.

"माणसानं खालून ओढला असता," साहेब म्हणाले. "वरून फाडला तो देवानं. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला होता, त्यानंच."

थोरलीनं नुसतं "हं" केलं आणि मशीन दामटलं. बोलणं तिला झोंबलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली असताना तिची धाकटी बहीण एका संध्याकाळी "आलेच" म्हणून मैत्रिणींबरोबर बाहेर पडली होती. आई पलंगावरून पडली आणि घरात कुणी नसताना गेली. तेव्हापासून थोरलीनं धाकटीचं तोंड पाहिलं नव्हतं. आता धाकटी कायमची परदेशी निघाली होती. तिनं निरोप धाडला होता : शुक्रवारी उपासनेला येते, एकदा बोल, नाही बोललीस तर समजेन, पुन्हा त्रास देणार नाही. बोलावं की नाही, या घोळातच थोरलीनं पडदा पुरा केला.

शुक्रवारी धाकटी प्रवासाची बॅग घेऊन शेवटच्या बाकावर येऊन बसली. साहेबांनी पडदा ओढला. फाटेना. दोन्ही हातांनी ओढला, दांडी वाकली, साहेब घामाघूम झाले, पडदा ढिम्म. पोरं फिदीफिदी हसली. थोरलीनं वरची कड निरखली. वरच्या कडेला तिनं बक्रमची जाड पट्टी घालून दुहेरी शिवण मारली होती. कधी मारली, देव जाणे!

ती कात्री घेऊन स्टुलावर चढली आणि बक्रम कापलं. पडदा टराटरा खालपर्यंत फाटला. वळून बघते तो शेवटचा बाक रिकामा. थोरलीच्या हातची शिवण धाकटी चांगली ओळखत होती.

थोरली कात्रीसकट धावत सुटली. फाटकाबाहेर तिनं बहिणीला गाठलं.

"थांब गं!"

"राहू दे ताई. कळलं मला. तुला तो फाडायचाच नव्हता."

"अगं, मुद्दाम नाही केलं. हात सवयीनं चालला."

धाकटीनं तिच्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं. "म्हणजे रागही आता सवयीचाच झालाय," ती म्हणाली. "रागावली असतीस तर पाय धरले असते. सवयीचं मी काय करू?"

थोरलीला फार वाईट वाटलं. माफ केलं म्हणावं, तर ते खरं नव्हतं. निदान अजून तरी नव्हतं. तेवढ्यात धाकटीला विमानतळावर न्यायला टॅक्सी येऊन थांबली. थोरलीनं पुढे होऊन धाकटीच्या बॅगेला हात घातला. धाकटीनं बॅग सोडली नाही, पण ओढूनही घेतली नाही. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत राहिला.