अधिक साडेपाच

काशिफाच्या हातून चुका होत नाहीत, हे संस्थेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिनंच ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. घाटावरच्या ज्या संस्थेत ती विमान चालवायला शिकत होती, तिथं वर्गाच्या दारावर तिच्या वळणदार अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता : ‘अधिक साडेपाच!’ विमानांच्या जगात वेळा ग्रीनिचच्या घड्याळानं लिहितात. आपली वेळ काढायची तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. तिची मैत्रीण सोनल एकदा ते विसरली आणि ऐन उड्डाणाच्या वेळी खोलीत झोपून राहिली. काशिफानं तिला पंधरा मिनिटं उपदेश केला आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून वर हा कागद लावला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी काशिफाचं एकटीनं करायचं लांब उड्डाण होतं. घाट उतरून किनाऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. वहीत तिनं कारण लिहिलं, दिशा ओळखण्याचा सराव. खरं कारण दिवेआगरच्या शेजारी, बोर्ली पंचतनला राहत होतं आणि त्याचं नाव बिल्किस खाला होतं. आईवडील मस्कतला असताना आईच्या या बहिणीनंच काशिफाला लहानाचं मोठं केलं होतं.

“साडेअकराला गच्चीवर ये,” काशिफानं आदल्या दिवशी फोनवर सांगितलं. “पण कुणाला सांगू नकोस हां.”

“न्हाय गो, कुणाला सांगतेय मी!” खाला म्हणाली आणि फोन ठेवून सगळ्या मोहल्ल्याला सांगून आली. खरं म्हणजे काशिफाचीही तीच इच्छा होती.

सकाळी प्रज्योत सरांनी, तिच्या प्रशिक्षकांनी, नेहमीप्रमाणं विचारलं, “वाटेवरच्या सूचना वाचल्यास?”

“दोनदा, सर. दिवेआगरला पॅराशूटच्या उड्या आहेत, पण मी पोचायच्या कितीतरी आधी संपतायत.”

एरवी सरांनी कागद मागून पाहिला असता. पण काशिफा दोनदा वाचलं म्हणते, तर दोनदाच वाचलं असणार, असं समजून त्यांनी परवानगीवर सही केली. सूचनेत लिहिलं होतं, साडेचार ते आठ. पहाटे साडेचारला, काळोखात, समुद्राकाठी विमानातून उड्या मारणारे हे कोण वेडे, असं काशिफाच्या मनात आलंसुद्धा. तिला त्यांची कीव आली. ज्या दारावर तो कागद होता, त्याच दारातून ती बाहेर पडली आणि विमानाकडे चालू लागली.

हवा स्वच्छ होती. डोंगर संपले, खाडीचं पाणी चमकलं, सुपारीच्या वाड्यांची गर्द हिरवी पट्टी आली आणि तिच्यापलीकडे समुद्र. काशिफा साडेपाच हजार फुटांवरून हळूहळू चार हजारांवर उतरली. उड्यांच्या कार्यक्रमासाठी रेडिओवर वेगळा नंबर दिला होता, पण संपलेल्या कार्यक्रमाचं कशाला ऐकायचं, म्हणून तिनं तो लावलाच नव्हता. डावा पंख जरा झुकवून ती बोर्लीची मशीद शोधत होती. मशिदीपासून तिसरी गच्ची खालाची.

तेवढ्यात समोर वरून काहीतरी काळं पडलं. घार, असं तिला वाटलं. मग त्या घारीच्या अंगात लाल पाटलोण दिसली. हातपाय पसरलेला एक माणूस तिच्या उजव्या पंखापुढून, फार तर दोनशे फुटांवरून, सरळ खाली गेला. खाली बऱ्याच अंतरावर त्याची निळी छत्री फटकन उघडली.

काशिफाला पहिला विचार आला तो असा : याला उशीर कसा झाला?

दुसरा विचार येण्याआधी तिनं वर पाहिलं. वर आणखी तीन छत्र्या होत्या. आणि समोर, जवळजवळ तिच्याच उंचीवर, एक मोठी पिवळी छत्री सावकाश आडवी येत होती. तिच्याखाली दोन माणसं एकमेकांना बांधलेली. मागचा माणूस जिवाच्या आकांतानं दोऱ्या ओढून छत्री वळवत होता. पुढं साठीच्या एक बाई होत्या, चष्मा घातलेल्या, पांढरे केस वाऱ्यावर उडत असलेल्या. त्यांनी काशिफाकडे पाहिलं, तोंडभर हसल्या आणि हात हलवला.

काशिफानंही हात हलवला.

पुढे कित्येक दिवस तिला या एकाच गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली. चार वर्षांचं शिक्षण, शेकडो तासांचा सराव, आणि मरण समोर आल्यावर उजव्या हातानं काय केलं, तर टाटा. डाव्या हातानं मात्र तेवढ्यात विमान समुद्राकडे वळवलं होतं. मग दोन्ही हात शुद्धीवर आले. तिनं इंजिनाला पूर्ण जोर दिला, पंख तिरपा केला आणि किनाऱ्यापासून दूर पाण्यावर निघाली. बंद काचेच्या आत, ऐकायला कुणी नसताना, ती मोठमोठ्यानं म्हणत होती, “सॉरी! सॉरी! सॉरी!”

चार-पाच मैल आत गेल्यावर तिनं तो सूचनेतला नंबर लावला. उड्या मारणाऱ्यांना घेऊन आलेल्या विमानाचा वैमानिक घसा कोरडा पडेपर्यंत तेच तेच बोलत होता : दिवेआगरवरचं अनोळखी विमान, कोण आहात, उत्तर द्या.

काशिफानं बोलायचं बटण दाबलं. “ते अनोळखी विमान मीच,” ती म्हणाली. “मी बाहेर पडलेय. तुमची सगळी माणसं ठीक आहेत का?”

“पाच छत्र्या उघडल्यात. पाचही खाली पोचतायत,” तो म्हणाला. “बाई, तुम्ही वेळ बघता की नाही?”

त्या क्षणी तिच्या डोक्यात ते साडेपाच तास मिळवले गेले. साडेचारचे दहा झाले आणि आठचा दीड.

परत उतरल्यावर तिनं प्रज्योत सरांना सगळं सांगितलं, हात हलवण्यासकट. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एक कोरा कागद पुढं केला. “लिही. मी पण लिहितो, सही माझी आहे.” चौकशी झाली. सहा आठवडे काशिफाचं उड्डाण बंद झालं आणि सरांनाही लेखी समज मिळाली. संध्याकाळी सोनल खोलीत आली, काशिफाच्या पलंगावर बसली आणि काहीच बोलली नाही. तो उपदेशही काशिफाला पंधरा मिनिटांचाच वाटला.

पुढच्या रविवारी ती एसटीनं बोर्लीला गेली. खालाच्या ओटीवर मोहल्ल्यातल्या बायका जमलेल्या होत्या.

“आली, आली माजी पोरगी!” खालानं तिची अलाबला घेतली. “माशाअल्लाह, काय ते विमान! आनि त्यातून तू पाच मानसं खाली सोडलीस, निळी, पिवळी. मी चाळीस मानसांना शिरखुर्मा दिला.”

“खाला, ती माणसं मी नाही सोडली. ती दुसऱ्या विमानातली होती. मी चुकून मध्ये घुसले. कुणाचा तरी जीव गेला असता.”

ओटीवरच्या बायका खालाकडे बघू लागल्या. मग खाला शेजारणीकडे वळून अभिमानानं म्हणाली, “बगा, केवडी नम्र हाय!”

काशिफानं तीनदा समजावलं. तिसऱ्या वेळी एकीनं विचारलं, माझ्या मुलाच्या लग्नात वरून फुलं टाकशील का. तिथं तिनं हात टेकले.

दुसरी भेट अवघड होती. पिवळ्या छत्रीतल्या बाईंचं नाव किशोरी होतं. त्या किनाऱ्यावरच्याच थळ गावच्या. एका कँटीनमधून नुकत्याच निवृत्त झालेल्या, आणि साठीच्या निमित्तानं मुलांनी त्यांना ती उडी भेट दिली होती. काशिफानं आयोजकांकडून पत्ता मिळवला होता. दार उघडताच किशोरीताईंनी तिला ओळखलं.

“अगो, तूच ती! काय छान हात हलवलास! मला वाटलं, आमच्या पॅकेजमदीच हाय विमान.” त्यांनी तिला बसवलं, चहा ठेवला, फोनवर उडीचा व्हिडिओ लावला. त्यात काशिफा काचेमागं स्पष्ट दिसत होती, बावळटासारखी हसत.

इथं गप्प बसणं फार सोपं होतं. काशिफानं कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.

किशोरीताईंचा चेहरा हळूहळू उतरला. “केवड्या लांब होतीस?”

“तीनशे फूट. कदाचित कमी.”

त्या उठून दारात गेल्या. बाहेर वाळूत ओढलेल्या होड्यांकडे बघत त्यांनी डोळ्यांनीच अंतर मोजलं. “म्हंजे आमच्या दारापासून त्या हिरव्या होडीपरत,” त्या म्हणाल्या. आणि उंबऱ्यावरच बसल्या. “आठ दिस गावभर दाखवत फिरले मी ह्यो व्हिडिओ. कशाला सांगितलंस गो पोरी?”

“तुमच्याबाबतीत घडलं होतं. तुम्हाला माहीत असायला हवं, असं वाटलं.”

“वाटलं!” त्या फणकारल्या. काशिफा खाली मान घालून बसून राहिली. चहावर साय आली.

“माज्या मुलांना न्हाय सांगायचं,” किशोरीताई अखेर म्हणाल्या. “नायतर पुना उडी मारू द्यायची न्हाईत.”

“पुन्हा?”

“मंग! एकदाच मारायला काय, मी मेले थोडीच!”

हे बोलून त्यांनाच हसू फुटलं, आणि डोळ्यांना पदर लावत त्या हसत राहिल्या. काशिफाला हसावं की नाही कळेना, ती रडली.

निघताना त्यांनी तिच्या पिशवीत बळंच सुक्या बोंबलांचं मोठं पुडकं कोंबलं. परतीच्या एसटीत पेणपर्यंत तिच्या शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही. काशिफानं खिडकी उघडी ठेवली आणि पुडकं मांडीवर घट्ट धरून ती गाढ झोपली.